लाईन कट झाली नव्हती

बातमी फोनवर आली. मुरलीधर आष्टीकरांविषयीची बातमी दुसऱ्या कुठल्या मार्गाने येणे शक्यच नव्हते. मी दुपारी कार्यालयात मजकूर तपासत बसलो होतो. पलीकडून सुशीलावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले..." आणि पुढे काही नाही. रडणे नाही, शब्द नाही. पण फोन ठेवल्याचा आवाजही नाही. मीही ठेवला नाही. आष्टीकरांच्या घरातून फोन कधीच आधी ठेवला जात नसे. बोलणे संपले तरी समोरच्याने ठेवेपर्यंत रिसीव्हर कानाला धरून राहायचे, ही मुरलीधररावांची सवय होती आणि ती पुढे घराचीच झाली होती. त्या दुपारी आम्ही दोघेही काही न बोलता लाईन धरून राहिलो... शेवटी कुणीतरी वहिनींच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला असावा.

दहावा झाल्यावर टेलिफोन खात्यातल्या लोकांनी शोकसभा घेतली. जागा तीच, कचेरीच्या वरच्या मजल्यावरचे लांबट दालन, जिथे एकेकाळी परगावचे फोन हाताने जोडून देणारा ट्रंक बोर्ड होता आणि आता जुन्या खुर्च्या रचून ठेवलेल्या आहेत. फोटो, हार, उदबत्ती, सगळे रीतसर होते. एक निवृत्त साहेब बोलायला उठले. चांगले बोलले. आष्टीकरांचा आवाज, त्यांचा नम्रपणा, त्यांनी जोडून दिलेली माणसे, सगळे आले. आणि शेवटी ते म्हणाले, "जिंदगीभर लोकांना जोडणारा हा माणूस शेवटी मात्र हिंमत हारला. औषध चालू होतं, गुणही येत होता, पण त्यांनी ते स्वतःहून सोडून दिलं. मनानं खचले. आपण सर्वांनी यातून शिकलं पाहिजे." सभेत माना हलल्या. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, हा संकेत सांभाळून वाईट बोलण्याची आपली रीत जुनीच आहे. पुढच्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसलेल्या वहिनींनी तेव्हा एकदाच मान वर केली.

हा लेख त्या वाक्यासाठी लिहितो आहे. आष्टीकर हिंमत हारले नव्हते. त्यांनी औषध सोडले नव्हते. जे घडले ते सलग सांगितले म्हणजे कुणी काय सोडले ते कळेल.

आमची ओळख आवाजापासून सुरू झाली. जालना नुकताच जिल्हा झाला होता आणि औरंगाबादच्या एका दैनिकाने तिथे वार्ताहर म्हणून माझी नेमणूक केली होती. कार्यालय म्हणजे जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानावरची एक खोली आणि काळा फोन. बातमी द्यायची तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट पाहत बसायचे. कॉल तीन प्रकारचे असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. ज्याचा दर जास्त त्याचा कॉल आधी लागे. आमच्या दैनिकाची मजल ऑर्डिनरीपर्यंतच होती. पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या ऑपरेटरचा आवाज ओळखीचा झाला. "बोला वार्ताहर, आज कोण मेलं?"

"मेलं कुणी नाही. मंत्री येऊन गेले."

"मंग ऑर्डिनरीच बरा. मंत्र्याची बातमी शिळी झाली तरी चवीत फरक पडत न्हाई."

हे ऐकून मी त्यांना बघायलाच गेलो. उंच, काळेसावळे, कानावर हेडसेट, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. घराणे परतूर तालुक्यातल्या आष्टीचे, शेतकऱ्याचे. कचेरीत दोन मुरलीधर होते म्हणून हे आष्टीकर झाले आणि पुढे रेशन कार्डावरही तेच नाव चढले. आमचे वय जवळपास सारखे होते, पण ओळख फोनवरची असल्याने एकमेकांना 'तुम्ही' म्हणायची सवय लागली ती लागलीच. वीस वर्षांत ती सुटली नाही.

त्या काळात लाईन खराब असली की दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे ऐकू येत नसे; मधल्या ऑपरेटरला मात्र दोघांचेही ऐकू येई. अशा वेळी आष्टीकर स्वतः निरोप इकडून तिकडे करीत. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो असताना जुन्या जालन्यातला एक धान्याचा व्यापारी माहेरी परतूरला गेलेल्या बायकोशी बोलत होता. तिजोरीची किल्ली सापडत नव्हती. आष्टीकर गंभीर चेहऱ्याने सांगत होते, "त्या म्हणतात, किल्ली देवाच्या फोटोमागं हाये... ते म्हणतात, तिथं न्हाई... त्या म्हणतात, नीट बघा, तुम्हाला समोरचा बैल दिसत न्हाई, किल्ली काय दिसणार... माफ करा शेठ, हे त्या म्हणतात, मी न्हाई." सगळा बोर्ड हसत होता. हे मात्र हसले नाहीत. कॉल संपल्यावर म्हणाले, "मधल्या माणसानं हसायचं न्हाई. त्याचा आवाज हाये, पण तो स्वतः तिथं नसतो."

या धंद्याचे दोन नियम त्यांनी मला तेव्हाच सांगितले होते. पुढच्या सगळ्या गोष्टीला त्यांचा आधार आहे, म्हणून ते इथे देतो. पहिला नियम होल्डचा. पुढची लाईन मोकळी नसेल तर माणसाला होल्डवर ठेवतात. त्याला काही ऐकू येत नाही; त्याला वाटते, गेली लाईन. पण बोर्डावर त्याच्या लाईनची दोरी, म्हणजे कॉर्ड, खोचलेलीच असते. "होल्ड म्हंजे कट न्हाई," ते म्हणत. "होल्डवर ठेवलेल्या माणसाला इसरणं हा आमच्यात गुन्हा हाये. अन् होल्डवरच्या माणसानं घाबरून ठिवून दिला तर त्याचा नंबर गेला, मंग पुन्हा शेवटून सुरुवात." दुसरा नियम गप्प माणसाचा. लाईनवर कुणी बोलत नसेल तर कॉर्ड काढायच्या आधी तीनदा हॅलो म्हणायचे. "आवाज येत न्हाई म्हंजे माणूस न्हाई असं न्हाई. कुणाला रडू येऊन राह्यलं असतं. कुणाला सुचत नसतं."

ऑपरेटरवाचून परगावी फोन लावता येणारी एसटीडी आली, गल्लीगल्लीत पिवळ्या पाट्यांचे बूथ झाले आणि ट्रंक बोर्ड निघाला. आष्टीकरांना तक्रारींच्या टेबलावर बसवले. दिवसभर लोक फोन करून 'डेड झालाय, डेड झालाय' म्हणत आणि हे विचारत, "पूर्ण डेड, का धुगधुगी हाये?" माणूस तसाच राहिला. आमच्या घरी सणाला, त्यांच्या घरी पुरणाला येणे-जाणे चालू होते.

मग लघवीतून रक्त जाऊ लागले. औरंगाबादच्या एका मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या. त्या रुग्णालयाचे नाव मी देत नाही. नाव दिले तर वाचक नाव लक्षात ठेवतील आणि गोष्ट विसरतील. मूत्रपिंडात कर्करोग निघाला. ते मूत्रपिंड काढले, पण छातीच्या फोटोत फुफ्फुसावर ठिपके दिसले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी इंटरफेरॉन नावाच्या इंजेक्शनांचा उपचार सांगितला. हे गाठ जाळणारे औषध नव्हते, तर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करून तिला रोगावर सोडणारे होते. आठवड्यातून तीनदा, कातडीखाली, घरच्या घरी घ्यायचे. ताप येईल, अंग दुखेल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतील, एवढे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. आष्टीकर म्हणाले, "म्हंजे ताप आला की समजायचं, फौज ड्यूटीवर आली." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बरोबर." मनावर काय परिणाम होईल, याविषयी कुणी एक शब्द बोलले नाही. खर्चाचा बहुतेक भार खात्याने उचलला होता. पैसा हे या गोष्टीतले कारण नव्हते, हेही इथे स्पष्ट करतो.

वहिनी इंजेक्शन द्यायला मोसंबीवर शिकल्या. आष्टीहून पोत्याने येणाऱ्या मोसंब्यांना महिनाभर पाणी टोचले गेले आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या मोसंबीचा रस प्यावा लागला. औषधाच्या बाटल्या औरंगाबादहून बर्फ घातलेल्या थर्मासमधून एसटीने यायच्या. संध्याकाळी इंजेक्शन, त्याच्या आधी तापाची गोळी, लिंबू-साखर-मिठाचे पाणी, दोन गोधड्या तयार. थंडी भरून आली की आष्टीकर गोधडीच्या आतून ओरडत, "सुशीला, फौज आली, पण बूट काढून ये म्हणावं." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंग ठणकायचे. इंजेक्शन दर वेळी वेगळ्या जागी द्यायचे, भूक नसली तरी थोडे थोडे पुन्हा पुन्हा खायचे, थकवा यायच्या आधी कामे उरकायची, हे सगळे त्यांनी दोघांनी मिळून बसवले होते. तोंडाला पत्र्याची चव यायची, म्हणून वहिनी भाकरी थंड करून दह्याबरोबर देत. ज्यांनी पुढे त्यांना हिंमत शिकवली त्यांच्यापैकी एकानेही ती थंडी पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. पलंगाचा आवाज होत असे.

पहिला व्यत्यय दुसऱ्या महिन्यात आला. पांढऱ्या पेशी फार उतरल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "औषध होल्डवर ठेवू. पुढच्या आठवड्यात रक्त तपासून मला फोन करा." पुढच्या आठवड्यात पेशी वर आल्या, फोन लागला, डॉक्टर स्वतः बोलले आणि डोस थोडा कमी करून औषध पुन्हा सुरू झाले. आष्टीकरांना या गोष्टीचा विलक्षण आनंद झाला होता. रोग, तपासण्या, फायली यांच्या परक्या मुलखात त्यांना आपल्या धंद्याचा शब्द भेटला होता, आणि तो शब्द वापरणारा माणूस नियमाने वागला होता. "बराबर होल्ड केलं त्यांनी," ते मला सांगत होते. "अन् बराबर उचललं." पुढच्या छातीच्या फोटोत ठिपके लहान झालेले दिसले. औषध लागू पडत होते.

त्यानंतर ते गप्प झाले. एका दिवसात नाही. आधी विनोद गेले. मग पेपर वाचणे गेले. मग फोन वाजला तरी ते उठेनात. शेवटी वहिनी कणकेच्या हाताने येऊन उचलत. मी गेलो की "या" म्हणत आणि भिंतीकडे पाहत बसत. एकदा मी विचारले, काय होते आहे? म्हणाले, "काही होत न्हाई. तेच... काहीच होत न्हाई." बाविसाव्या वर्षापासून दिवसभर बोललेला हा माणूस आठवडाभरात पाच वाक्ये बोलत नव्हता.

मग सल्लागार येऊ लागले. हा भाग लिहिताना हात थोडा आवरावा लागतो. आष्टीहून थोरले बंधू आले आणि पलंगाशेजारी बसून म्हणाले, "मुरल्या, मर्द गड्यानं सुईला असं भ्यायचं व्हय? आपल्या बापानं पायात फाळ घुसल्ता तरी नांगर सोडला न्हाई." शेजारच्यांनी सांगितले, हसत राहा, निम्मा रोग मनाचाच असतो. कचेरीतले लोक म्हणाले, आष्टीकर, तुम्हीच असं करायला लागले तर कसं? एका बाईंनी वहिनींना बाजूला घेऊन विचारले, घरात काही वाजलं का? ही सगळी माणसे प्रेमाची होती. कोणी दुष्ट नव्हते. पण ताप आला तेव्हा कुणी आष्टीकरांना 'ताप येऊ देऊ नका' म्हणाले नव्हते. पेशी उतरल्या तेव्हा कुणी 'पेशी खंबीर ठेवा' म्हणाले नव्हते. मन उतरले तेव्हा मात्र प्रत्येकाने त्यांच्यावरच बोट ठेवले. पुढे, इंजेक्शने थांबल्यावर, मी जालन्यातल्या एका अनुभवी डॉक्टरांना विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले, "या औषधानं काही जणांचं मन खाली ओढलं जातं. ही माहीत असलेली गोष्ट आहे. थोडं थांबायचं, डोस कमी करायचा, मनासाठी गोळी द्यायची, पुन्हा सुरू करायचं." माहीत असलेली गोष्ट! फक्त ज्याच्या अंगात ती सुई जात होती त्याला आणि जी ती टोचत होती तिला माहीत नव्हती.

ठरलेल्या तपासणीला वहिनी त्यांना औरंगाबादला घेऊन गेल्या. मोठे डॉक्टर परदेशी गेले होते. त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरांनी फाईल चाळली, समोरच्या गप्प माणसाकडे पाहिले आणि विचारले, "पुढे चालू ठेवायचंय का तुम्हाला?" आष्टीकर बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "आजकाल बोलत न्हाईत हो जास्ती." डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. सध्या होल्डवर ठेवू. सर आले की आम्ही फोन करून कळवू." त्यांनी एकदा विचारले. दुसऱ्यांदा विचारले नाही.

औषध थांबले, आणि जे घडले ते साऱ्या गल्लीने पाहिले. तीनेक आठवड्यांत आष्टीकर परत आले. आधी फोन उचलू लागले. मग एका सकाळी माझ्या घरी येऊन चहा मागितला आणि बशीत ओतताना म्हणाले, "वार्ताहर, एवढे दिवस मी कुठं गेल्तो हो?" आष्टीच्या बाजारात जाऊन भजी खाऊन आले, सांगत होते, "तोंडातला पत्रा गेला." हाच पुरावा आहे. हिंमत हारलेला माणूस इंजेक्शन थांबल्यावर तीन आठवड्यांत आपोआप हिंमतवान होत नसतो. ते गप्पपण औषधाचे होते, माणसाचे नव्हते. पण लोकांनी यातून उलटाच अर्थ काढला. थोरले बंधू म्हणाले, "बघा, औषध मानवत नव्हतं. सोडलं अन् बरा झाला. आता कशाला पुन्हा ती आफत?"

"दादा, सोडलं न्हाई," आष्टीकर म्हणाले. "होल्डवर हाये."

"एकच झालं की ते."

"बिलकुल न्हाई."

त्यांना औषध पुन्हा घ्यायचे होते. हे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे आणि कुठल्याही सभेत उभा राहून सांगायला तयार आहे. वहिनींनी माझ्यासमोर त्यांना विचारले, "अहो, पुन्हा तसंच झालं म्हंजे? मला तापाची भीती न्हाई वाटत. तुम्ही गप झाल्ते त्याची वाटते." त्यावर ते म्हणाले, "आता म्हाईत हाये ना, ते औषधाचं हाये म्हणून. मी गप झालो तर तू तीनदा हॅलो म्हण. मी आतच असतो." वहिनी हसल्या आणि लगेच आत निघून गेल्या.

पण फोन येईना. आष्टीकर रोज फोनजवळची खुर्ची घेऊन बसत. वहिनी म्हणायच्या, आपणच लावू, आपणच जाऊन येऊ. ते म्हणायचे, "ते कळवतो म्हणालेत. आपण सारखं खडखडवलं तर त्यांची लाईन अडून राहते. बोर्डावरच्या माणसाला कामं असतात." ही त्यांची चूक होती, असे कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. एका शब्दावर त्यांनी आपल्या धंद्याइतका विश्वास ठेवला. ते आयुष्यात होल्डवरच्या माणसाला कधी विसरले नव्हते. दुसरा कुणी विसरू शकतो हे त्यांना खरे वाटत नव्हते. पहिल्या वेळी त्या लोकांनी बरोबर उचललेही होते. थट्टेवारी न्यायचे: "आपला कॉल ऑर्डिनरीत लावलाय, वार्ताहर. लागंल, पण टाईम लागंल."

पावसाळा अर्धा सरला तेव्हा वहिनींनी ऐकले नाही. त्या, ते आणि मी असे तिघे औरंगाबादला गेलो. मोठे डॉक्टर अजून आलेले नव्हते. आधीचे डॉक्टरही बदलून गेले होते. नव्या तरुण डॉक्टरांनी फाईल उघडली आणि म्हणाले, "पण तुम्हीच नको म्हणालात ना? पेशंट पुढच्या उपचाराला तयार नाही, असं आहे इथे."

मी आष्टीकरांकडे पाहिले. वीस वर्षांत मी त्यांना रागावलेले पाहिले नव्हते. त्या दिवशीही त्यांचा आवाज चढला नाही. टेबलावर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी नको म्हणालो न्हाई. मी काहीच म्हणालो न्हाई. त्यात फरक हाये."

"मग तेव्हा बोलायला पाहिजे होतं, काका."

"तुमच्याच औषधानं बोलता येत नव्हतं."

तरुण डॉक्टर गोंधळले. वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी फाईल उलटसुलट केली आणि म्हणाले, हा निर्णय सरच घेतील, मी त्यांना केस दाखवतो, तुम्हाला नक्की फोन येईल. बाहेर येऊन आम्ही एसटी स्थानकावर बसलो. आष्टीकर समोरच्या भिंतीकडे पाहू लागले. वहिनी लगेच त्यांच्याकडे वाकून म्हणाल्या, "हॅलो?" ते दचकून हसले. "आहे, आहे. लाईनवर आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढे दिवस मी धरून बसलो होतो वार्ताहर... अन् त्यांनी केव्हाच कॉर्ड काढली होती. मला सांगितलं न्हाई हो कोणी."

दसऱ्याच्या सुमारास त्यांना धाप लागू लागली. जालन्यातच छातीचा फोटो काढला. फुफ्फुसे भरून आली होती. ज्या अनुभवी डॉक्टरांचा उल्लेख वर केला, त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितले की आता त्या इंजेक्शनांचा उपयोग नाही. ती वेळेवर पुन्हा सुरू झाली असती तर आष्टीकर वाचले असते, असा माझा दावा नाही. तसे कुणालाच सांगता येणार नाही, आणि जे सांगता येत नाही ते छापू नये हे मी शिकलो आहे. कदाचित थोडा काळ मिळाला असता. कदाचित तोही नाही. पण तो काळ मागण्याचा त्यांचा हक्क होता, त्यांनी तो मागितला होता, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा नकार करून तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला. वर त्यांच्याच फोटोखाली उभे राहून म्हणायचे, हिंमत हारले. दिवाळीच्या आधी ते गेले. शेवटच्या दिवसांत श्वास पुरत नसे, तरी ते बोलत होते. वहिनींनी थकून डोळे मिटले तर ते पलंगावरूनच हळू म्हणत, "हॅलो."

परवा मी जुन्या जालन्यात त्यांच्या घरी गेलो होतो. खुर्ची फोनजवळच आहे; तिच्यावर कुणी बसत नाही, पण ती हलवलेलीही नाही. वहिनी शोकसभेविषयी एकच वाक्य बोलल्या: "भाऊजी, तिथं मला उठून सांगायचं होतं, पण बाईमाणसानं उठायचं कसं?" मी म्हणालो, मी लिहितो. त्या म्हणाल्या, "लिहा. पण नुस्तं चांगले होते असं लिहू नका. ते समदे लिहितात."

तेवढ्यात फोन वाजला. वहिनींनी उचलला. पलीकडच्या मुलीचा आवाज खणखणीत होता. मला बसल्या जागी ऐकू येत होता. औरंगाबादहून रुग्णालयातून बोलते आहे, सर परदेशातून आले आहेत, आष्टीकरांची फाईल त्यांनी पाहिली, इंजेक्शन पुन्हा सुरू करायचे आहे, पेशंटला बुधवारी घेऊन या.

मला वाटले, वहिनी आता सांगतील, ते गेले म्हणून. त्या मुलीचा काही दोष नव्हता. तिला मिळालेले काम ती करत होती. वहिनींचा चेहरा बदलला नाही. त्या अगदी मुरलीधररावांच्या ढंगात, शब्द सुटे करत म्हणाल्या, "होल्ड करा." आणि रिसीव्हर फोनवर न ठेवता शेजारी टेबलावर आडवा ठेवला, हात पुसले आणि चहा टाकायला आत गेल्या.

टेबलावरून त्या मुलीचा बारीक आवाज येत राहिला. "हॅलो..." मग थोडे थांबून, "हॅलो, आष्टीकर?" मग पुन्हा एकदा, "हॅलो...?" आणि नंतर कट झाल्याचा टोन.

वहिनी कप घेऊन बाहेर आल्या. माझा कप माझ्या हातात दिला. रिसीव्हरमधून चाललेला तो टोन त्यांनी जरा वेळ ऐकला आणि म्हणाल्या, "ह्यांनी इतक्या जल्दी ठेवला नसता."